उघडें भांडें व तान्हें मूल

(स्त्रियांच्या सभेसाठीं व कौटुंबिक उपासनेसाठीं पाठ)

शास्त्रवाचन: गणना १९:१४-१५, २ राजे ४:३८-४१, १ शमुवेल १:२१-२४.



खेड्यांतील एखाद्या ख्रिस्ती घरीं तान्हें मूल जुलाबांनीं दगावलें, म्हणजे सांत्वनासाठीं जमलेलीं माणसें बहुधा एकच बोलतात कीं, देवाची इच्छा! दुःखानें पोळलेल्या आईबापांस त्या बोलण्यानें धीर येतो, आणि त्या घटकेस दुसरें कांहीं बोलणेंही बरें नव्हे. परंतु ज्या घरीं मूल अद्याप अंगणांत रांगत आहे, त्या घरीं याहून निराळें बोललें पाहिजे. जुलाबांनीं मरणाऱ्या मुलांपैकीं बहुतेकांचें मरण टाळतां येण्यासारखें असतें. जें आपल्या हातांनीं टाळतां येत होतें, तें न टाळतां देवाच्या माथीं मारणें ही भक्ति नव्हे. म्हणून या पाठांत, बाळाच्या तोंडीं जाणाऱ्या घासाविषयीं आपण शास्त्राच्या व आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या उजेडांत विचार करूं.

१. शास्त्रांतील दोन भांडीं

गणना या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत, ज्या तंबूंत मनुष्य मेला असेल त्या तंबूविषयींचे नियम दिले आहेत. त्यांपैकीं एक नियम असा कीं, ज्यावर झाकण घट्ट बसविलेलें नाहीं असें प्रत्येक उघडें भांडें अशुद्ध समजावें. मोशेनें इस्राएल लोकांस जंतुशास्त्र शिकविलें असें आम्ही म्हणत नाहीं. तो नियम उपासनेच्या शुद्धतेसंबंधाचा आहे. तरी एवढें खरें कीं, उघड्या व झांकलेल्या भांड्यांत भेद करणें हें त्या लोकांच्या अंगवळणीं पडलें होतें. आमच्या किती चुलींपाशीं तें अंगवळणीं पडलें आहे, हें ज्यानें त्यानें पाहावें.

दुसरें भांडें अलीशाच्या दिवसांतलें. गिलगालांत दुष्काळ पडला होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठीं मोठ्या भांड्यांत कालवण शिजत असतां, एकानें रानांत जाऊन एका रानवेलीचीं फळें ओटीभर आणिलीं व चिरून भांड्यांत टाकिलीं. तीं कसलीं हें कोणास ठाऊक नव्हतें. त्या मनुष्याच्या मनांत कपट नव्हतें; भुकेल्या भावांस पोटभर मिळावें एवढीच त्याची इच्छा असावी. तरी त्याच्याच हातून भांड्यांत मरण पडलें.

येथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, हेतु चांगला असला म्हणून विष निर्विष होत नाहीं. दुसरी ही कीं, अलीशानें त्या लोकांस, विश्वास धरून तसेंच खा, असें सांगितलें नाहीं. त्यानें आधीं भांड्यांतील अन्न सुधारिलें, आणि मग तें वाढावयास सांगितलें. तिसरी ही कीं, खाणाऱ्यांनीं घास तोंडांत जातांच ओरड केली, म्हणून ते वांचले. तान्ह्या बाळास अशी ओरड करितां येत नाहीं. आई जें भरवील तें तें विश्वासानें गिळतें. म्हणून त्याच्या वतीनें भांड्याची पारख मोठ्यांनींच केली पाहिजे.

२. पहिले सहा महिने

जन्मापासून सहा महिने पुरे होईपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज दुसरें अन्न नको. पाणीही नको, भर वैशाखांत सुद्धां नको, कारण आईच्या दुधांत बाळास लागणारें पाणी असतेंच. हें दूध कोणत्याही भांड्यांत ओतावें लागत नाहीं, त्यावर माशी बसत नाहीं, तें शिळें होत नाहीं. शिवाय रोगाशीं झगडण्याचें आईच्या अंगचें बळही तें बाळास देतें. बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आंत त्यास छातीशीं लावावें. पहिला पिवळसर घट्ट चीक कित्येक घरांत अजून पिळून टाकितात. तो टाकूं नये. तेंच बाळाचें पहिलें कवच होय.

या वयांत लाडानें किंवा रूढीनें दिल्या जाणाऱ्या तीन वस्तूंविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे.

पहिली वस्तु मध. नवजात बाळाच्या जिभेस मध लावण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. मूल एक वर्षाचें होईपर्यंत मध मुळींच चाटवूं नये. मधांत कधीं कधीं क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नांवाच्या जंतूचीं सुप्त बीजें असतात. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत तीं सहसा रुजत नाहींत. परंतु तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करूं शकतात. मग मुलास बद्धकोष्ठ होतें, पापण्या जड होतात, रडणें क्षीण होतें, दूध ओढण्याची शक्ति जाते, आणि उपाय न झाल्यास श्वासही अडतो. मुलांचा हा रोग १९७६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया येथें प्रथम ओळखला गेला. तो क्वचित् होतो. पण मधावांचून बाळाचें कांहींच अडत नाहीं, मग क्वचित् होणारा धोका तरी कां पत्करावा? हीं बीजें घरच्या चुलीवर उकळून मरत नाहींत. म्हणून मध रानांतला आहे, शुद्ध आहे, ऊन करून घेतला आहे, यांपैकीं कोणतेंही उत्तर येथें चालत नाहीं.

दुसरी वस्तु बाळगुटी. आजीच्या हातची गुटी मायेनें भरलेली असते हें खरें; परंतु सहाण कोठें ठेविली होती, ती कोणत्या पाण्यानें धुतली, उगाळणारें बोट त्यापूर्वीं कशास लागलें होतें, हें माया सांगूं शकत नाहीं. सहा महिन्यांच्या आंत गुटी, साखरपाणी, चहाचा घोट यांपैकीं कांहीं देऊं नये. औषध द्यावयाचें तें डॉक्टरांनीं सांगितलेलेंच द्यावें.

तिसरी वस्तु वरचें दूध. आईचें दूध पुरत नाहीं अशा समजुतीनें गाईम्हशीच्या दुधांत पाणी घालून तें तान्ह्यास पाजितात. त्यांत पोषण कमी होतें, आणि पाण्याबरोबर रोग मात्र शिरतो. दूध पुरतें कीं नाहीं हें शेजारणीच्या तर्कानें ठरवूं नये. अंगणवाडींत किंवा दवाखान्यांत बाळाचें वजन करून पाहावें.

ज्या बाळाची आई दगावली आहे, किंवा जिला डॉक्टरांच्या मतें दूध पाजणें शक्य नाहीं, त्या बाळास डब्यांतील दुधाची भुकटी द्यावी लागते. अशा वेळीं हें जाणून असावें कीं, बंद डब्यांतील भुकटीही जंतुरहित नसते. क्रोनोबॅक्टर नांवाचा जंतु तींत कोरड्या स्थितींतही टिकतो, व नवजात मुलाच्या मेंदूपर्यंत तो पोहोंचूं शकतो. म्हणून पाणी खळखळ उकळावें, अर्ध्या तासाहून अधिक वेळ निवूं न देतां त्यांत भुकटी घालावी, म्हणजे पाणी ७० अंश सेल्सियसहून कमी ऊन नसतें. मग भांडें थंड पाण्यांत धरून दूध कोमट करावें व लागलेंच पाजावें. डब्यावर सांगितलेलें प्रमाण मोडून तें पातळ करूं नये. दोन तासांत संपलें नाहीं तर टाकून द्यावें. आणि बाळाचें उष्टें राहिलेलें दूध तर पुन्हां कधींच पाजूं नये.

३. सहा महिन्यांनंतरचा धोका

सहा महिने झाल्यावर नुसत्या दुधानें भागत नाहीं. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेंही आईचें दूध चालूं ठेवून, त्याबरोबर डाळतांदळाची मऊ खिमट, नाचणीचें सत्त्व, कुसकरलेला वरणभात, उकडलेला बटाटा, पूर्ण शिजविलेलें अंडें असें घरचेंच अन्न सुरू करावें. उष्टावणाचा दिवस आनंदाचा असतो. परंतु त्याच दिवसापासून बाळाच्या तोंडीं पहिल्यानेंच भांडें, पाणी, चमचा व दुसऱ्याचें बोट जाऊं लागतें. आणि जुलाबांचा मोठा धोका याच वयांत सुरू होतो.

हें कसें घडतें तें हिशेबानें पाहूं. ऊब व ओलावा मिळाला असतां कांहीं जंतु दर वीस मिनिटांनीं दुप्पट होऊं शकतात. सकाळीं सात वाजतां निवलेल्या पेजेंत असा एकच जंतु पडला असें धरा. आठ वाजतां त्याचे ८ होतात, दहा वाजतां ५१२, आणि दुपारीं दोन वाजतां २० लाखांहून अधिक. त्या पेजेचा रंग बदललेला नसतो, वासही आलेला नसतो. आई सकाळीं खुरपणीस जातांना जी पेज वाडग्यांत ठेवून गेली, तीच दुपारीं थोरली बहीण धाकट्या भावास भरविते. दोघींच्याही मनांत प्रीतीच आहे. पण गिलगालांतल्या त्या मनुष्याप्रमाणें, भांड्यांत काय पडलें आहे हें दोघींसही ठाऊक नाहीं.

कित्येक म्हणतात, पुन्हां ऊन करून दिलें म्हणजे झालें. तसें नाहीं. शिळ्या भातांत व हात लागलेल्या अन्नांत वाढणारे कांहीं जंतु असें विष सोडतात कीं, तें उकळल्यानें जात नाहीं. जंतु मरतात, विष राहतें. म्हणून तान्ह्यासाठीं अन्न थोडें शिजवावें, ताजें द्यावें, आणि दोन तासांहून अधिक वेळ उघड्या हवेंत निवत राहिलेलें अन्न देऊं नये.

दाण्यांचीही पारख करावी. पावसाळ्यांत भिजलेला मका किंवा शेंगदाणा यांवर बुरशी आली म्हणजे तींत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष होऊं शकतें. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरसलेला मका खाऊन लोकांस यकृताचा रोग जडला व शंभराहून अधिक माणसें मेलीं. बुरसलेले दाणे निवडून, भाजून, दळून बाळाच्या पिठांत घालणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तसेंच अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षें लहान मुलाच्या हातीं देऊं नयेत. ते श्वासनळींत अडकून क्षणांत घात होतो.

४. बाटलीची गोष्ट

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड व फ्रान्स या देशांत दूध पाजण्याच्या एका बाटलीचा फार प्रसार झाला होता. तिला लांब रबरी नळी असे. बाळाच्या तोंडांत नळीचें टोंक दिलें कीं, आईस कामास जावयास मोकळीक मिळे. परंतु ती नळी आंतून धुतां येत नसे. आंत साय चिकटे, ती नासे, आणि पुढच्या दुधाबरोबर ती घाण बाळाच्या पोटांत जाई. इतकीं मुलें दगावलीं कीं, लोक त्या बाटल्यांस मारेकरी बाटल्या म्हणूं लागले. आणि फ्रान्सनें १९१० सालीं कायदा करून त्यांची विक्री बंद केली.

त्याच देशांत १८९४ सालीं फेकां या बंदराच्या गांवीं डॉक्टर लेऑन द्युफूर यांनीं एक दवाखाना काढिला. त्याचें नांव त्यांनीं ‘दुधाचा थेंब’ असें ठेविलें. आईनें अंगावरच पाजावें असा त्यांचा पहिला आग्रह असे. जिला तें शक्य नसे, तिला जंतु मारलेलें दूध लहान लहान बाटल्यांत भरून मिळे. एका वेळेस एक बाटली, म्हणजे उरलेलें दूध पुन्हां पाजण्याचा प्रसंगच येऊं नये. बाळाचें वजनही तेथें नियमानें केलें जाई. आपल्या देशानेंही १९९२ सालीं कायदा करून बाळांच्या दुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई केली, आणि २००३ सालीं तो कायदा अधिक कडक केला.

या गोष्टीचें तात्पर्य साधें आहे. ज्या भांड्याचा कोपरान्‌कोपरा डोळ्यांनीं दिसतो व बोटांनीं घांसतां येतो, तेंच भांडें बाळासाठीं चांगलें. बाटलीच्या बुचापेक्षां वाटी-चमचा बरा. अरुंद चोंचीचें बोंडलें आंतून धुतां येत नसेल तर तेंही बाजूस ठेवावें.

५. चुलीजवळचे पांच नियम

जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं सुरक्षित अन्नाचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. तीं आपल्या घराच्या भाषेंत अशीं:

पहिलें, स्वच्छता. स्वयंपाकापूर्वीं, भरविण्यापूर्वीं, शौचाहून आल्यावर व बाळाची शी काढल्यावर साबणानें हात धुवावे. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. बाळाचेही हात धुवावे.

दुसरें, कच्चें व शिजलेलें निराळें ठेवावें. ज्या विळीवर मासळी किंवा मटण चिरलें, ती धुतल्यावांचून तिच्यावर बाळासाठीं उकडलेला बटाटा चिरूं नये.

तिसरें, अन्न पुरें शिजवावें. दूध उकळल्यावांचून, अंडें घट्ट झाल्यावांचून मुलास देऊं नये.

चौथें, अन्न नीट राखावें. ५ अंशांपासून ६० अंश सेल्सियसपर्यंतची ऊब जंतूंच्या वाढीस मानवते. आपल्या घरांतील हवा बाराही महिने याच मर्यादेंत असते. म्हणून अन्न कढत असावें किंवा ताजें असावें, आणि दोन्ही वेळां झांकलेलें असावें. शिंक्यावर टांगलेलें भांडें मांजरापासून वांचतें. माशीपासून झाकणच वांचवितें.

पांचवें, पाणी व जिन्नस निर्दोष असावे. बाळाचें पाणी उकळून, झांकून निववावें. माठांत हात न बुडवितां लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी काढावें.

६. जुलाब लागलेच तर

एवढी काळजी घेऊनही कधीं जुलाब लागतात. तेव्हां मूल मरतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. १९७१ सालीं पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची साथ उसळली असतां, सलाइन अपुरें पडलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें पाणी तोंडावाटे पाजण्याचा मार्ग धरिला, आणि मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० होतें तें शेंकडा ४ पेक्षां खालीं आलें. त्याच जातीच्या क्षारसंजीवनीच्या, म्हणजे ओ.आर.एस.च्या, पुड्या आज आशाताईंजवळ मिळतात.

एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत एक पुडी विरघळवावी व चमच्याचमच्यानें पाजावी; चोवीस तासांनंतर उरलेलें टाकावें. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मीठ यापेक्षां जास्त कदापि नको. अंगावरचें दूध बंद करूं नये. मूल खातें असल्यास अन्नही तोडूं नये. जस्ताच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणें चौदा दिवस पुऱ्या कराव्या. शौचांतून रक्त पडणें, डोळे खोल जाणें, मूल सुस्त होणें, कांहींच न पिणें किंवा प्यालेलें सर्व ओकणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास सकाळ होण्याची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. नवजात बाळ दूध ओढीनासें झालें तर तेंही असेंच समजावें.

७. हा भार एकट्या आईचा नव्हे

वरील नियम वाचून कोणी म्हणेल कीं, आमच्या बायकांनीं हें सर्व केलें पाहिजे. थांबा. जी बाई पहाटे पाणी भरते, दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत राबते व दिवेलागणीस चूल पेटविते, तिला ताजें शिजवून भरीव असें सांगणें सोपें आहे. ताजें शिजविण्यास वेळ व सरपण कोण देणार?

हन्नेचा वृत्तांत पाहा. वर्षाच्या यज्ञासाठीं सर्व कुटुंब शिलो येथें निघालें. देवाच्या मंदिरास जाणें याहून मोठें कर्तव्य त्या दिवसांत कोणतें होतें? तरी हन्ना म्हणाली कीं, मुलाचें दूध तुटेपर्यंत मी येत नाहीं. आणि तिचा नवरा एलकाना तिच्यावर रागावला नाहीं. तुला बरें वाटेल तसें कर, अशा अर्थाचें बोलून त्यानें तिला घरीं राहूं दिलें. ज्या मुलास अंगावर पाजण्यासाठीं आई उपासनेचा प्रवासही टाळते व बाप तें मान्य करितो, तोच पुढें शमुवेल संदेष्टा झाला.

म्हणून बापांनीं पाण्याची एक खेप आपणांकडे घ्यावी. सासूनें लहानशी चूल दुपारीं पुन्हां पेटवावी. तान्ह्याची आई मजुरीस गेलीच, तर दुपारीं तिला पाजावयास घरीं येऊं द्यावें, किंवा बाळास तिच्याकडे न्यावें. तिनें स्वच्छ वाटींत काढून झांकून ठेवलेलें दूध चार तासांच्या आंत, व उन्हाळ्यांत त्याहूनही लवकर, वाटी-चमच्यानें पाजावें. पंचांपैकीं ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं आपल्या बांधावर या मोकळिकीचे पैसे कापूं नयेत. उपदेश करणाऱ्या मंडळीनें उपदेशाची किंमतही थोडी सोसली पाहिजे.

चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं बाळाचें अन्न शिजल्यापासून त्याच्या तोंडीं जाईपर्यंत किती वेळ जातो? त्या वेळांत तें कोणाच्या स्वाधीन असतें?

२. गिलगालांतील मनुष्याचा हेतु चांगला होता. आपल्या घरांतील कोणती चाल चांगल्या हेतूची, परंतु बाळास घातक आहे?

३. एलकानाप्रमाणें आपल्या मंडळींतील पुरुषांस काय करितां येईल?

पुढील सभेपूर्वीं करावयाचें काम: प्रत्येक कुटुंबानें बाळाच्या प्रत्येक भांड्यास बसणारें झाकण आहे कीं नाहीं तें पाहावें, नसल्यास मिळवावें. पाळकसाहेबांनीं आशाताईंस सभेस बोलावून क्षारसंजीवनीचें पाणी कसें करावें हें सर्वांसमक्ष करून दाखवावयास सांगावें, आणि दहा पुड्या मंदिराच्या कपाटांत ठेवाव्या. तें कपाट रात्रींही उघडतां यावें, म्हणून त्याची किल्ली जवळच्या घरीं असावी.